आणि सहकारी

"हलगी गॅरेजमध्येच राहू दे हं. आत नको."

माधुरीताई हसत म्हणाल्या. दार अर्धंच उघडं धरून. मी पायरीवर उभी. काखेत हलगी, हातात ढोकळ्याचा डबा. डबा त्यांनी घेतला.

"बेसमेंटमध्ये बाप्पा बसायचेत ना," त्या म्हणाल्या. "आणि हे चामडं."

मी गॅरेजमध्ये गेले. बर्फ उपसायच्या फावड्यामागं बर्फावर टाकायच्या मिठाची पोती होती, त्यावर हलगी ठेवली. मग जिना उतरून बेसमेंटमध्ये गेले. तिथं सोफ्यावर तबला-डग्गा बसला होता. शेजारी ढोलकी. मखमली गवसणी काढून, पाहुण्यासारखी बसवलेली.

तबल्याला काय प्लास्टिक लावतात? ढोलकीवर काय रेशीम ताणतात? तेही बकऱ्याचंच कातडं. पण ते सोफ्यावरचं कातडं. माझं मिठाच्या पोत्यावरचं. कातड्याकडं कुणी बघत नव्हतं, वाजवणाऱ्या हाताकडं बघत होते. मला तिथंच बोलायला पाहिजे होतं. मी खाली बसून पोरांना ताल समजावून सांगत बसले.

ट्रॉय गावातली गोष्ट आहे ही. मिशिगनमधलं ट्रॉय. मी इथं गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा नवीन काहीतरी करायचं होतं. ठरलं, 'पोवाडा ते हिप-हॉप'. इथं वाढलेली पोरं रॅप करणार, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. खाली ठेका माझ्या हलगीचा. माझी मुलगी मुक्ता त्या पोरांमधली एक. सोळा वर्षांची.

मी हलगी वाजवते हे मंडळाला कळलं ते मुक्तानं टाकलेल्या व्हिडिओमुळं. माधुरीताईंचा लगेच फोन आला. त्या मंडळाच्या अध्यक्ष.

"अय्या, तू हलगी वाजवतेस? बाई असून? किती रॉ आहे ते! आपल्या मुलांना रूट्स कळायलाच हवेत. कुठं क्लास लावला होतास?"

"क्लास नाही. वडील वाजवायचे."

"अच्छा." मग विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले म्हणालीस?"

मी तालुका सांगितला. गाव सांगितलं. त्यांना ते नको होतं. मग मीच सांगून टाकलं, "मांगवाडा."

"हो हो. म्हणजे तुमच्यात वाजवतातच. छान, छान. कलेला कुठं जात असते?"

कलेला नसते. गॅरेजला असते.

बाई वाईट नाही, हे पण सांगते. मी या देशात आले त्या हिवाळ्यात मुक्ता तान्ही होती, मला ताप होता. तेव्हा ओळखदेख नसताना याच बाईनं दोन आठवडे घरी जेवण आणून दिलं. मुगाची खिचडी, टोमॅटोचं सार. ते मी विसरलेले नाही. वाईट माणसानं अपमान केला तर तोंडावर थुंकून मोकळं होता येतं. चांगल्या माणसानं केलेला अपमान घशात अडकतो. गिळता येत नाही आणि बाहेरही येत नाही.

तर तालीम. हलगी गॅरेजमध्ये, पोरं बेसमेंटमध्ये. तालीम व्हायची कशी? माधुरीताईंनी तोड काढली. "तू गॅरेजमध्ये वाजव, आपण फोनवर रेकॉर्ड करू. खाली स्पीकरवर लावू. मुलं त्यावर प्रॅक्टिस करतील. एरवी बेसमेंटमध्ये केवढी घुमेल गं ती!"

मी वाजवलं. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उभी राहून. समोर कुणी नाही. माझा बाप मांडवाबाहेर उभा राहून वाजवायचा, पण त्याला निदान मांडव दिसायचा.

*

आता लोरेटाचं सांगते. तिच्याशिवाय यातलं काही कळायचं नाही.

लोरेटा आमच्या अपार्टमेंटच्या रांगेत, भिंतीला भिंत लागून राहते. काळी बाई, साठीच्या पुढची, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली. मुलाच्या नोकरीपायी इकडं आली. बाप गेल्याची बातमी आली तेव्हा मला गावाकडं जाता आलं नव्हतं, व्हिसाचं काम अडकलं होतं. दर वर्षी त्या दिवशी मी बाल्कनीत बसून हलगी वाजवते. एका वर्षी दार वाजलं. मला वाटलं, तक्रार आली. दारात लोरेटा.

ती म्हणाली, "ते थांबवलंस का? परत वाजव."

मग तिच्या घरी जाणं-येणं सुरू झालं. हिप-हॉप नवीन होतं, कुणी त्याला नावही धड दिलेलं नव्हतं, तेव्हा लोरेटा त्यात होती. शाळेच्या जिममध्ये, इमारतीखालच्या हॉलमध्ये, बागेत दिव्याच्या खांबावरून वीज ओढून पार्ट्या व्हायच्या. एक जण रेकॉर्ड फिरवणार, बाकीचे माइक धरून बोलणार. लोरेटा बोलणाऱ्यांतली. तिचं नाव 'लेडी टिनफॉइल'. पहिल्या पार्टीला पट्टा नव्हता म्हणून स्वयंपाकघरातल्या चांदीच्या कागदाचा पट्टा करून गेली, तेव्हापासून.

तिच्या किचनच्या कपाटांची दारं उघडली की आतल्या बाजूला जुने फ्लायर चिकटवलेले. पार्टीची हातपत्रकं. हातानं काढलेली, काळ्या मार्करनं, पट्टीनं रेघा मारून, मग झेरॉक्स. अक्षरं कुठं फुगलेली, कुठं चांदणीत बसवलेली. कुठली ट्रेन पकडायची, कुठं उतरायचं, सगळं त्यावर. शाळेच्या गेटवर आणि स्टेशनच्या जिन्यावर उभं राहून ही पोरं ती वाटायची. मीठ घ्यायला कपाट उघडावं तर समोर ब्रॉन्क्स.

मी ती बघत बसायचे. मला त्यात एक गोष्ट दिसली आणि मी परत परत तीच बघत राहिले. नावं. नुसती नावंच नावं. रेकॉर्ड फिरवणाऱ्याचं सगळ्यांत मोठं. खाली बोलणाऱ्या एकेकाचं. दारावर उभं राहणाऱ्याचं. स्पीकर उचलून आणणाऱ्या दोघा भावांचं. एकीच्या आईनं चिकन तळून आणलं होतं, तिचं. कोपऱ्यात बारीक अक्षरात, फ्लायर काढणाऱ्याचं. आणि प्रत्येकानं आपलं नाव आपणच ठेवलेलं.

"इतकी नावं?" मी विचारलं.

लोरेटा म्हणाली, "आम्हाला दुसरं कुठं छापत होते? पोलिसांच्या कागदावर."

मुक्ताही तिच्याकडं जायची. शाळेचा अभ्यास सोडून कपाटाची दारं उघडून बसायची. मंडळाच्या कार्यक्रमाचं फ्लायर त्या जुन्या पद्धतीनं काढायचं, ही कल्पना मुक्ताची. म्हणजे खरं लोरेटाची. माधुरीताईंना आवडली. फक्त मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलीला त्या बाईकडं फार पाठवू नकोस हं. वस्ती कशीही असली तरी आपण जपावं."

कल्पना चालली. बाई चालली नाही.

*

फ्लायर छापून आलं. माधुरीताईंनी मला गठ्ठा दिला. "तुझ्या वाटेवर इंडियन ग्रोसरीची दुकानं आहेत ना, तेवढं ठेवून ये."

सुंदर काढलं होतं मुक्तानं. फुगलेली अक्षरं, चांदण्या. वर गणपती, कानात हेडफोन घातलेला. 'एमसी अथर्व'. 'डीजे रिया'. 'मुक्ता द माइक'. पोवाडा म्हणणाऱ्या काकांचं नाव, तबल्यावर कोण, ढोलकीवर कोण. घरं विकणाऱ्या एजंटचा फोटो, टाय लावलेला. दाताच्या डॉक्टरची जाहिरात. आणि सगळ्यात खाली, एका ओळीत:

आणि सहकारी.

ते वाचलं. दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. गठ्ठा मांडीवर.

मला ती ओळ लहानपणापासून पाठ आहे.

माझा बाप एका शाहिराच्या पार्टीत हलगी वाजवायचा. जत्रा, उरूस, निवडणूक, कुणाच्या पोराचं लग्न. पार्टीचं हातपत्रक निघायचं, गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर. 'सुप्रसिद्ध शाहीर अमुक अमुक आणि सहकारी'. बाप प्रत्येक पत्रक घरी आणायचा. घडी न मोडता. कंदिलापुढं धरायचा. त्याला वाचता येत नव्हतं. पण जागा माहीत होती. बोट बरोबर त्या ओळीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्यो मी."

मी नुकती वाचायला शिकले होते. मी म्हणाले, "बा, हितं तुझं नाव न्हाई. हितं लिव्हलंय, सहकारी."

बाप हसला. म्हणाला, "आगं, त्योच की मी."

आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. का, ते मला कितीतरी वर्षांनी कळलं.

शाहिराचा सत्कार व्हायचा, शाल, नारळ. बाप मांडवाबाहेर पाचटाचा जाळ करून हलगी शेकत असायचा. हलगीचं कातडं जाळावर धरून तापवावं लागतं, त्याशिवाय ते ताणत नाही, बोलत नाही. ढिली हलगी नुसती बद्द वाजते. त्याचं जेवणही तिथंच यायचं, जाळापाशी, पत्रावळीवर. पाणी वरून, ओंजळीत. आणि त्याच हलगीवर आतले लोक नाचायचे. मला तो म्हणायचा, "तू शिक. ह्याला हात लावू नगंस." मी शिकले. हातही लावला. तो नसताना डब्याच्या झाकणावर, मग तो असताना त्याच्याच हलगीवर. शेवटी तोच म्हणाला, "मनगट चांगलं हाय तुझं."

तो मेला तेव्हा त्याच्या नावाचा एकही कागद नव्हता. आयुष्यभर वाजवलं त्यानं. साऱ्या तालुक्यानं ऐकलं. कागदावर तो कुठंच नाही.

आणि आता त्याच्या नातीच्या हातानं, मिशिगनमध्ये, तीच ओळ.

घरी आले. गठ्ठा टेबलावर ठेवला. मुक्ताला विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"मराठी टेक्स्ट माधुरीमावशीनं पाठवलं. मी जस्ट कॉपी केलं." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "व्हॉट? आय थॉट दॅट्स यू. लाइक, युअर क्रू नेम."

लोरेटाच्या फ्लायरवर प्रत्येकाचं काहीतरी नाव असतं. पोरीला वाटलं, आईचं हे.

तिनं बोट त्या ओळीवर ठेवलं होतं. आजोबा ठेवायचा तसंच, बरोबर त्याच जागी.

बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. संतापानं. नवऱ्यानं दाराबाहेरून सांगितलं, "सोड ना यार. आपल्याला इथंच राहायचंय."

म्हणूनच नाही सोडायचं. इथंच राहायचंय म्हणून.

*

लोरेटाला फ्लायर दाखवलं. खालच्या ओळीचा अर्थ सांगितला. ती हसली नाही.

तिनं एक कपाट उघडलं. एक फ्लायर दाखवलं, हातानं काढलेलं नव्हे, छापखान्यातलं, गुळगुळीत कागदाचं. पार्ट्या जिममधून क्लबात गेल्या तेव्हाचं. पाच पोरांची नावं. खाली, 'अँड द लेडीज'.

"त्या लेडीजमधली एक मी," लोरेटा म्हणाली. "आम्ही तिघी त्या क्लबवाल्याकडं गेलो. म्हटलं, नावं टाक. तो म्हणाला, छापून झालंय. मी म्हटलं, मग परत छाप."

"छापलं?"

"नाही."

"मग?"

"मग आम्ही गेलो नाही. बाकीच्यांनी गाजवलं ते. मी घरी भांडी घासली आणि रडले. हे कपाटाच्या आत का लावलंय माहितीये? रोज कॉफीचा कप काढताना दिसावं म्हणून."

तिनं दार लावलं. धाडकन नव्हे, नेहमीसारखं.

मी माधुरीताईंना फोन केला.

"ताई, फ्लायरवर माझं नाव नाही."

"अगं, जागाच उरली नाही. तुझं टाकलं असतं तर वेण्या घालणाऱ्या, प्रसाद करणाऱ्या सगळ्यांचीच टाकावी लागली असती."

"टाका की. आणि ढोलकीवाल्याचं आहे. तबल्याचं आहे. दातांच्या डॉक्टरचं आहे."

"ते स्पॉन्सर आहेत. असं काय करतेस? स्टेजवरून अनाउन्स करू ना आपण. आणि हे बघ, आता छापून झालंय."

"मग परत छापा."

त्यांचा आवाज बदलला. खिचडी आणून देणारा आवाज गेला, दुसराच आला. "तू हे उगाच जातीवर नेतेस. आम्ही तुला कधी वेगळं वागवलं का?"

"गॅरेज," मी म्हणाले. "नाव नसेल तर मी वाजवणार नाही."

"बघ बाई. मुलांचा हिरमोड करायचा असेल तर तुझी मर्जी." मग एकदम मऊ होऊन म्हणाल्या, "तशी अडचण नाही. रेकॉर्डिंग आहे आपल्याकडं. तेच लूपवर लावतील."

मला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. मी नको होते. हात पाहिजे होते. आणि हात त्यांनी आधीच काढून घेतले होते, मिठाच्या पोत्याशेजारी, फोनवर.

"ते रेकॉर्डिंग माझं आहे. काढून टाका."

"हलगी काय कुणाच्या मालकीची असते का गं? ती आपल्या सगळ्या महाराष्ट्राची आहे."

गॅरेजमध्ये ठेवताना ती माझी होती. स्टेजवर नेताना महाराष्ट्राची झाली.

*

कार्यक्रमाला मी गेले. पोरगी गाणार होती. घरातून निघताना मी मुक्ताला आजोबाचं सांगितलं, पत्रक, बोट, सगळं. तिनं ऐकलं. "आय डोन्ट नो, आई," म्हणाली. "एव्हरीवन्स काउंटिंग ऑन मी." ती माधुरीताईंच्या गाडीतून पुढं गेली.

शाळेचं ऑडिटोरियम भरलेलं. पैठण्या, कुर्ते, पुरणपोळीचा वास. पोवाडा झाला. मग अंधार केला आणि स्पीकरमधून माझी हलगी सुरू झाली.

चांगली वाजली होती. हे सांगायला मला लाज वाटत नाही. गॅरेजच्या सिमेंटमुळं तिला असा काही दणका आला होता की पहिल्या रांगेतली म्हातारी माणसंसुद्धा पाय हलवायला लागली. टाळ्या. शिट्ट्या. स्टेजवर पोरं उड्या मारतायत, तबला आहे, ढोलकी आहे. हलगी कुठंच नाही. वाजवणारं कुणीच नाही. बापाला निदान जाळापाशी बसवून जेवायला घालावं लागायचं. मला तेवढंही नाही. ही तर त्याच्या पुढची पायरी झाली. मांग नको, नुसता आवाज द्या.

मी उभी राहिले. खुर्चीवर नव्हे, आपल्या जागी, नुसती उभी.

"ही हलगी मी वाजवलेली आहे," मी मोठ्यानं म्हणाले. मराठीत. "माझ्या बापानं शिकवली. त्याचं नाव धोंडीराम. तो सहकारी नव्हता. त्याचं नाव धोंडीराम होतं."

मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं. कुणीतरी म्हणालं, "सिट डाऊन, प्लीज." माझ्या पुढच्या काकू वळून बघून परत पुढं बघायला लागल्या. माधुरीताई वाकून वाकून आल्या, माझा कोपर धरला. कानाशी म्हणाल्या, "शोभतं का हे?"

लूप चालूच होता. मुक्तानं मला बघितलं होतं. मला ते दिसलं. तिचे शब्द एका ओळीपुरते अडखळले. मग तिनं पुढची ओळ घेतली आणि गात राहिली.

मी कोपर सोडवून घेतला आणि बाहेर पडले. मधल्या वाटेनं. पुढच्या दारानं.

*

पुढच्या शनिवारी लोरेटाच्या मागच्या अंगणात आम्ही ग्रिल पेटवलं. कोळशावर नव्हे. तो गठ्ठा माझ्याकडं तसाच होता, दुकानात मी एकही ठेवलं नव्हतं. एकेक फ्लायर चुरगाळून घातलं. गणपतीचं चित्र आधी कापून बाजूला ठेवलं, मुक्तानं मनापासून काढलं होतं ते. बाकी सगळं जाळात. टायवाला एजंट गेला. दाताचा डॉक्टर गेला. शेवटी ती ओळ. गुळगुळीत कागद, वास घाण सुटला, पण जाळ चांगला लागला. त्यावर हलगी धरली. फिरवत फिरवत शेकली, बाप शेकायचा तशी. कातडं ताणलं. बोट मारून बघितलं. टण्ण.

मग आम्ही किचनमध्ये बसलो. लोरेटानं पट्टी दिली, मार्कर दिला. मी फ्लायर काढलं. पार्टी कसली, तर कसलीच नाही. अपार्टमेंटमागच्या हिरवळीवर, दुपारी, येईल त्यानं यावं. वर सगळ्यांत मोठ्या अक्षरात, देवनागरीत आणि इंग्रजीत, हलगीवाले धोंडीराम. त्याखाली माझं नाव, पूर्ण, आडनावासकट. लेडी टिनफॉइल. तिच्या त्या दोन मैत्रिणी, ज्या क्लबात गेल्या नाहीत. एक्स्टेन्शन कॉर्ड देणारा वरच्या मजल्यावरचा माणूस. सगळे.

मुक्ता आली नव्हती. त्या दिवसापासून आम्ही जेवणापुरतंच बोलतो. लोरेटानं विचारलं, "तिचं नाव?"

मी म्हणाले, "मी नाही लिहिणार. तिचं तिला लिहू दे. आणि लिहायचं नसेल तर नको."

मंडळाचा निरोप आलाय. दिवाळीला परत हलगी पाहिजे आहे, 'झालं गेलं विसरून'. या वेळी नाव टाकू म्हणतायत. शेवटच्या ओळीत, सहकारीच्या आधी.

मी उत्तर पाठवलंय. ती ओळच राहणार नसेल तर मी येईन. प्रसाद करणारीचं नाव, वेण्या घालणारीचं नाव, खुर्च्या लावणाऱ्याचं नाव. नाहीतर हलगी येणार नाही. आणि रेकॉर्डिंग लावलंत, तर ज्या हॉलमध्ये लावाल त्या हॉलमध्ये मी उभी राहीन. दर वेळी. घसा बसेपर्यंत बापाचं नाव घेईन. शोभो न शोभो.